फकिरा शिंदे यांजकडून सप्रेम भेट

चैताली पगारेने थर्मल फिजिक्सचं पुस्तक मिटलं, फ्रिजवर ठेवलं आणि आईला सांगितलं, की फेरपरीक्षेतही हा पेपर निघाला नाही तर ती शिक्षण सोडून पप्पांच्या कंपनीत पॅकिंगला लागणार आहे. बायोडाटा तिने कालच टाइप करून आणला होता.

सुलाबाई लाडवांसाठी शेंगदाणे भाजत होती. "फ्रिजवर तेलाचा हात लागलाय, पुस्तक खाली घे," एवढंच ती म्हणाली. पण शेंगदाणे त्या दिवशी करपले. सुलाबाईच्या हातून शेंगदाणे करपणं म्हणजे काय, हे सहादूला पंचवीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. सातपूरहून पहिली पाळी करून तो आला, दारातच वास घेतला आणि चप्पल काढायच्या आधी विचारलं, "काय झालं?"

झालं होतं ते असं. चैताली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि थर्मल फिजिक्सचा एक पेपर तिचा राहिला होता. फेरपरीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. त्यात हा पेपर निघाला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. बाकीचे विषय ती झपाझप उरकायची. इथे मात्र एका प्रश्नावर तिची गाडी जी अडली ती अडलीच. इंजिनाला दिलेल्या सगळ्या उष्णतेचं काम का होत नाही? थोडी उष्णता बाहेर टाकावीच लागते, असं पुस्तक म्हणत होतं. का टाकावी लागते तेही लिहिलेलं होतं, पण ज्याला आधीच कळलंय त्यालाच कळावं अशा भाषेत. आणि पुढची सगळी प्रकरणं याच खुंटीला टांगलेली होती.

सहादूला यात स्वतःचाच दोष दिसत होता. चैताली सातवीत असताना कंपनीने कामगारांच्या कुटुंबांना कारखाना बघायला बोलावलं होतं. सहादूने कौतुकाने लेथवर पोलादाचा एक तुकडा लावून दाखवला. त्यातून निघालेला गरम छिलका खाली पडता पडता निळा झाला. पोरीने विचारलं, निळा का झाला? सहादू म्हणाला, तापला म्हणून. ती म्हणाली, तापून लाल व्हायला पाहिजे, निळा का? लेथवर उभं राहून अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला हे कधी सुचलं नव्हतं. "तू शीक आणि मला सांग," असं तो तेव्हा बोलून गेला, आणि पोरगी खरोखरच फिजिक्सला गेली. आता तीच पोरगी खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला आली असती, तर ते त्याच्या मनाला जन्मभर लागून राहिलं असतं.

रविवारी सहादू इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेज रोडला क्लास शोधायला गेला. नाशकात क्लासना तोटा नाही. एकेका बिल्डिंगमध्ये तीन तीन. पण सगळे बारावीपर्यंतचे. "बी.एस्सी.चं थर्मल फिजिक्स," असं सहादूने म्हटलं की समोरची मुलगी आधी कॉम्प्युटरकडे बघायची आणि मग सहादूकडे. एका ठिकाणी तर मॅडमनी फार सहानुभूतीने सुचवलं, की मुलीला पुन्हा बारावीला बसवा, मग आमच्याकडे तिची उत्तम सोय होईल. सहादू संध्याकाळी घरी आला तो तीन माहितीपत्रकं, एक पेन आणि क्लासचं नाव छापलेली टोपी घेऊन.

"मग शिकवणाऱ्या सरांनाच विचारावं की," सुलाबाई म्हणाली.

चैतालीने नकारार्थी मान हलवली. खैरनार सरांना तिने एकदाच विचारलं होतं, भर वर्गात. सर चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "हे अकरावीतलं आहे." मागची बाकं हसली होती. त्यानंतर त्या तासाला चैतालीने हात म्हणून वर केला नव्हता. सर तसे प्रसिद्धच होते. उशीर झाला तर प्राचार्यांनाही दाराबाहेर उभं ठेवतील, असं मुलं म्हणायची.

"असल्या माणसाकडे डायरेक्ट जायचं नसतं," सहादू म्हणाला. "ओळख काढावी लागते."

या गोष्टीतली एकमेव चूक ती हीच. बाकीचं सगळं तिच्यातूनच निघालं. पण सहादूला दोष देण्यात अर्थ नाही. रेशनकार्डापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत आपण कुठेही सरळ जात नाही. दार सताड उघडं असलं तरी आधी शेजारच्याला विचारतो, की आतला माणूस कसा आहे आणि तुमचं काही चालतं का त्याच्याकडे. सहादूने चार लोक करतात तेच केलं.

त्याच्या शेजारच्या लेथवर चांदवडचा संतोष होता. ओळख ही गोष्ट संतोषला कधी काढावी लागत नसे, ती त्याच्यापाशी तयारच असायची. त्याची आत्या सगुणाबाई कॉलेजच्या मागच्या गल्लीत खानावळ चालवत होती आणि कॉलेजचे बरेच लोक तिच्याकडे जेवायला होते. काम झालंच म्हणून समजा, असं संतोषने सांगितलं, फक्त निरोप रिकाम्या हाताने पाठवायचा नाही.

म्हणून सुलाबाईने नव्याने शेंगदाणे भाजले, एकवीस लाडू वळले आणि घरातल्या सगळ्यात चांगल्या डब्यात भरले. हा डबा तिच्या लग्नातला, जाड पत्र्याचा. तो तिच्या मामांनी दिलेला, आणि रीतीप्रमाणे त्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं: 'फकिरा शिंदे यांजकडून सप्रेम भेट'. फकिरामामा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण नाव इतकं खोल कोरलेलं की घासून घासूनही पुसट झालं नव्हतं. पगाऱ्यांच्या घरात त्या डब्यालाच फकिरामामा म्हणत. 'फकिरामामात डाळ आहे का बघ,' असं. चैतालीने आपला प्रश्न स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिहिला, त्याची घडी लाडवांवर ठेवली आणि डबा निघाला.

चिठ्ठी पहिल्याच मुक्कामाला गळाली. संतोषने कंपनीच्या गेटवर सुपरवायझरला एक लाडू दिला, तो द्यायला कागद हवा होता, आणि कागद वरच होता.

आत्याला संतोषने सांगितलं, की आमच्या कंपनीतल्या एका सीनियर माणसाची मुलगी आहे, तिला फिजिक्सच्या सरांची मदत पाहिजे. नाव सांगितलं नाही. ओळख काढणाऱ्यांचा हा नियमच असतो. नाव सांगितलं की दोन टोकं परस्पर जोडली जातात आणि मधल्या माणसाला कोणी विचारत नाही. सगुणाबाईने ते कारभारीला सांगितलं. कारभारी हा फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला परिचर, इगतपुरीहून रोज येऊन-जाऊन करणारा, दुपारी तिच्याकडे जेवायचा. सांगताना तिच्या तोंडून सीनियर माणसाचा मोठा साहेब झाला, आणि मदत पाहिजेचं 'पेपराचं जरा बघा' झालं. यात खोटं बोलायचा तिचा हेतू नव्हता. साध्या कामगाराच्या निरोपाला कारभारी ताटावरून उठणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

आता गंमत अशी, की त्याच आठवड्यात त्याच रस्त्याने एक निरोप उलट्या दिशेनेही निघाला होता. प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाची पितळी चकती पडून चेपली होती. नव्या चकतीचा अर्ज दोन वर्षं ऑफिसात फिरत होता. शेवटी खैरनार सरांनी कारभारीला विचारलं, सातपूरला तुझ्या ओळखीचा, लेथवर काम करणारा एखादा चांगला टर्नर आहे का. कारभारीने सगुणाबाईला विचारलं, तिने संतोषला, आणि संतोष माप लिहिलेला कागद घेऊन सहादूच्या लेथपाशी आला.

"सहादूभाऊ, एका मोठ्या माणसाचं काम आहे. कोणाचं ते मला बी माहीत नाय. हे नीट करून द्या, पोरीचं काम झालंच समजा."

हे शंभर टक्के खरं होतं आणि संतोषला त्याचा पत्ता नव्हता.

सहादूने शिफ्ट सुटल्यावर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन संध्याकाळी घालवून चकती केली. पोरीच्या कामाला उपयोगी पडणार म्हणून आपल्या कामापेक्षा जास्त जीव ओतून केली. शेवटी कडेला, कोणाच्या सहज नजरेस येणार नाही अशा जागी, टोकदार पंच ठोकून तीन ठिपके मारले. ती त्याची खूण होती. घरातल्या खलबत्त्याच्या बत्त्यावर, पलंगाच्या खुरांवर आणि चैतालीच्या पेपरवेटवर तेच तीन ठिपके होते.

सोमवारी कारभारी प्रयोगशाळेत आला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन्ही वस्तू होत्या, खाली चकती आणि वर डबा. लाडू आता नऊ उरले होते. सगुणाबाईकडे डबा तीन दिवस होता आणि कारभारीच्या गाडीला त्या दिवशी उशीर झाला होता.

सरांनी आधी चकती घेतली. खिडकीपाशी नेऊन मायक्रोमीटर लावला, चार ठिकाणी मोजली. चारही ठिकाणी जाडी तीच. सर सहसा कोणाचं कौतुक करत नसत, पण त्यांनी चकती दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "कारभारी, ज्याने हे केलं त्याच्या हातांना माझा नमस्कार सांगा."

कारभारीला वाटलं, आता सर खुशीत आहेत, हीच वेळ. त्याने डबा पुढे केला. "आन् हे सातपूरचे एक लय मोठे साहेब हायेत. पोरीच्या पेपराचं जरा बघा म्हनत्यात."

खैरनार सर मूळचे सटाण्याकडचे. राग आला की ते अहिराणीत जात. "हाई काय शे?" ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की कारभारी दोन पावलं मागे सरला. मग ते मराठीवर आले. सतरा वर्षांत त्यांनी कोणाचा अर्धा मार्क वाढवला नव्हता, आणि ज्या माणसाने हा डबा पाठवला त्याचं तोंडही त्यांना बघायचं नव्हतं. एकाच माणसाच्या दोन वस्तू टेबलावर शेजारी शेजारी होत्या. कारभारी बिचारा एका हाताने नमस्कार आणि दुसऱ्या हाताने शिव्या घेऊन उभा राहिला. दोन्ही कोणाला पोचवायच्या हे त्याला सांगता आलं नसतं.

सरांनी डब्यावरचं नाव वाचलं, कोरा कागद ओढला आणि तिथल्या तिथे पत्र लिहून लाडवांवर ठेवलं. डबा आला तसा परत निघाला.

नाव हाती आल्यावर सरांनी वर्गाचा पट काढला. दुसऱ्या वर्षाला शिंदे एकच होती, संजना. वर्गात पहिली येणारी, चैतालीची मैत्रीण, तिच्याच बाकावर बसणारी. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी सरांनी तिला उभं केलं.

"वडील काय करतात?"

"पोस्टात आहेत, सर."

"पोस्टात. आणि सातपूरला कोण असतं?"

संजना गोंधळली. "सातपूरला मावशी असते, सर."

"लाडू चांगले करते का?"

सगळा वर्ग संजनाकडे बघायला लागला. तिने मान डोलावली, कारण मावशी लाडू खरंच चांगले करायची. त्या आठवड्यात सरांनी प्रत्येक तासाला सगळ्यात अवघड प्रश्न तिलाच विचारला आणि तिची प्रॅक्टिकलची वही दुसऱ्या सरांकडून तपासून घेणार असल्याचं जाहीर केलं, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. शुक्रवारी संजना जिन्यात बसून रडली. चैतालीने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि सरांना मनसोक्त नावं ठेवली. हे सगळं आपल्याच घरच्या डब्यातून निघालंय, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

डबा शनिवारी परत आला. वाटेत पत्र सगळ्यांनी वाचलं होतं. कारभारीने गाडीत वाचलं. सगुणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ते एका जेवणाऱ्याला वाचायला लावलं, आणि त्याने ते आमटीची वाट बघणाऱ्या दोन पंगतींना ऐकू जाईल असं वाचलं. संतोषनेही वाचलं. डबा सहादूच्या लेथवर ठेवून तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

घरी चैतालीने पत्र मोठ्याने वाचलं. "श्री. फकिरा शिंदे यांस. आपला डबा परत पाठवीत आहे. आपण कितीही मोठे असलात तरी परीक्षेचे गुण डब्यातून मिळत नाहीत. मुलीला अभ्यास करू द्यावा आणि आपण आपल्या जागी स्वस्थ बसावे."

"मामा नऊ वर्षं स्वस्थच आहेत," सुलाबाई म्हणाली. एरवी यावर तिघंही हसली असती.

सहादू पलंगावर बसून होता. डब्यात दोनच लाडू उरले होते, तेलाने कागद पारदर्शक झाला होता. "मी मार्क मागितले का गं?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. आजवर त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागायला गेला तर शंका विचारायची परवानगी मागितली, आणि त्याबद्दल हे ऐकून घ्यावं लागलं. त्याला मनापासून लाज वाटत होती आणि कशाची वाटतेय हेही नीट सांगता येत नव्हतं.

चैताली पत्रावरच्या नावाकडे बघत होती. शिंदे. मावशी लाडू चांगले करते का. तिच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं.

तेवढ्यात संतोषचा फोन आला. त्याने बरीच धावपळ केली होती. सरांच्या घरमालकाचा मेहुणा त्याच्या ओळखीचा निघाला होता; त्याच्यामार्फत सरांची समजूत घालता येईल, फक्त निरोप रिकाम्या हाताने पाठवायचा नाही, असं तो सांगत होता. सहादूने शेंगदाण्याच्या बरणीकडे पाहिलंसुद्धा.

"नको, पप्पा," चैताली म्हणाली. "संजनाला माझ्यामुळे त्रास होतोय. मी स्वतःच जाते."

सोमवारी दुपारी दोन वाजता ती दुसऱ्या मजल्यावर गेली. डबा तिने छातीशी धरला होता. सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. सर एकटेच बसले होते, समोर गार झालेला चहा. तिला बघून ते चकित झाले, जणू त्या दारातून कोणी येईल अशी त्यांना अपेक्षाच नव्हती.

चैतालीने पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. "सर, संजनाचा यात काही संबंध नाही. हा डबा आमचा आहे. आम्हाला मार्क नको होते, मला फक्त शंका विचारायची होती. फकिरा शिंदे माझ्या आईचे मामा. ते वारले."

सरांनी चष्मा काढला. "वारले? कधी?"

"नऊ वर्षं झाली, सर."

"आणि मी त्यांना स्वस्थ बसा म्हणून लिहिलं." सरांनी डब्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. "पण शंका विचारायला डबा कशाला? मी रोज दोन ते चार इथे बसतो. शंका विचारायलाच. बाहेर पाटी आहे."

"कुठे, सर?"

सर उठून दारापाशी आले. बाहेरची भिंत कोरी होती. मग त्यांनी उघडं दार हळूहळू ओढून लावलं. दाराच्या बाहेरच्या अंगावर पाटी होती: 'शंका विचारा. दुपारी २ ते ४'. खोलीत कोणी असलं की दार उघडं असायचं आणि पाटी आतल्या भिंतीशी तोंड लपवून बसायची. दार लागलं की ती दिसायची, पण तेव्हा सर घरी गेलेले असायचे.

"सहा वर्षं झाली पाटी लावून," सर म्हणाले. "मला वाटायचं, मुलांना शंका नसतात. किंवा माझ्याकडे यायचं नसेल."

चैतालीला त्यांची भीती वाटत होती ती कुठे गेली कळलं नाही. तिला त्यांचं फार वाईट वाटलं. म्हणूनच ती धीर करून बोलली, "सर, तुम्ही मला म्हणाला होतात, हे अकरावीतलं आहे."

"हो. म्हणजे हे तू आधी शिकलेली आहेस, घाबरू नकोस, असं."

"तसं नाही वाटलं, सर."

"नाही वाटलं?" सर खरोखर विचारात पडले. "वर्ग हसला होता तेव्हा. मला वाटलं, सगळ्यांना धीर आला."

चैतालीने खाली पाहिलं, तर टेबलावर चकती होती. तिने ती उचलून कडेला वळवली आणि तिला तीन ठिपके दिसले. "हे पप्पांनी केलंय," ती म्हणाली. "हे ठिपके आमच्या पलंगावर पण आहेत."

सरांनी चकती तिच्या हातून घेतली, ठिपके बघितले, मग डबा बघितला. ज्याच्या हातांना नमस्कार सांगितला तो आणि ज्याचं तोंड बघायचं नव्हतं तो, एकच. शिवाय ओळख काढून काम करवून घेणाऱ्यात आपणही होतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण सतरा वर्षांत कुठल्याही तासाला न अडलेले खैरनार सर वाक्य सुरू करायचे आणि सोडून द्यायचे. शेवटी त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली.

"शंका काय होती?"

"इंजिनाला दिलेल्या सगळ्या उष्णतेचं काम का होत नाही?"

सर खडू घेऊन फळ्याकडे वळले, थांबले आणि परत आले. "डब्यात लाडू किती होते?"

"एकवीस."

"माझ्याकडे नऊ आले. बारा कुठे गेले?"

"मधल्यांकडे, सर."

"मधल्यांना न देता डबा इथवर आला असता?"

चैतालीने विचार केला. संतोषकाका, सगुणाबाई, कारभारी. "नाही, सर. पुढे हललाच नसता."

"इंजिनाचं तेच. थोडी उष्णता थंड बाजूला दिल्याशिवाय त्याला फिरून मूळ जागी येता येत नाही, आणि मूळ जागी आलं नाही तर पुढचा फेरा नाही. तेवढी दिलीच पाहिजे. आता एकवीसातले नऊ, ही तुमच्या डब्याची कार्यक्षमता. काढ."

"आणि मी सरळ घेऊन आले असते तर?"

"तर इंजिनच लागलं नसतं," सर म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. त्यांनी दोनांतला एक लाडू स्वतः घेतला, एक तिला दिला, आणि दोघं चार वाजून गेले तरी फळ्याशी होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात संजनाची माफी मागितली. वर्ग इतका हादरला की कोणी हसलंही नाही. कारभारीने पाटी दारावरून काढून बाहेरच्या भिंतीवर ठोकली. आणि त्याच दिवशी, सहा वर्षांत पहिल्यांदाच दोन ते चारची वेळ मोडून, साडेतीनला पहिली पाळी सुटताना सर कंपनीच्या गेटवर उभे होते. सहादूने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चैतालीच्या वर्णनावरून चष्मा तेवढा ओळखला आणि तो गेटपाशीच थांबला; त्यावरून सरांनीही त्याला ओळखलं.

"मी एक नमस्कार पाठवला होता," सर म्हणाले. "पोचला का?"

"नाही, सर."

"मग आता घ्या." सरांनी गर्दीत हात जोडले. सहादूचे हात तेलाने काळे होते, ते तो पाठीमागे लपवायला लागला, आणि सरांनी ते ओढून पुढे घेतले. म्हणजे तोंड न बघण्याचा दुसरा निरोपही पोचला नसणार, याचं सरांना मनातून फार बरं वाटलं.

चहा पिताना सहादूने सात वर्षं जपलेला प्रश्न काढला. पोलादाचा छिलका निळा का होतो? सर सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात थांबले. "ते तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे," ते म्हणाले. "तुमची मुलगीच सांगेल तुम्हाला."

फेरपरीक्षा झाली. निकाल लागला. चैतालीला अठ्ठावन्न मार्क पडले, आणि एकही वाढवलेला नव्हता. सुलाबाईने त्या दिवशी बायोडाट्याचा कागद फडताळात पसरला आणि त्याच्यावर फकिरामामांना घासून-पुसून ठेवलं.

संध्याकाळी संतोष आला. त्याची पुतणी निकिता त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, तिलाही फिजिक्स जड जात होतं. त्याच्या हातात डबा होता.

"सहादूभाऊ, सरांशी आता तुमची डायरेक्ट ओळख. जरा शब्द टाका."

"शब्द कशाला?" सहादू म्हणाला. "दोन ते चार बसतात ते. सरळ जायचं. आता पाटी पण दिसते."

संतोषने मान डोलावली, आजूबाजूला पाहिलं आणि डोळा मिचकावला. "कळलं. नाव घ्यायचं नाय." आणि डबा ठेवून निघूनही गेला.

सुलाबाईने डबा फिरवून त्यावर कोरलेलं नाव वाचलं. "आता ही बायडाबाई कोण?"

चैताली म्हणाली, निकिताला उद्या पावणेदोनला कॉलेजच्या गेटवर पाठवायला सांगा, मी तिला वर घेऊन जाते, डबाही सरांना देते. तिचं बोलणं होतंय तोवर सहादूने झाकण उघडलं होतं.

"पप्पा," चैताली म्हणाली.

"मधल्याला दिल्याशिवाय डबा पुढे हलत नाही," सहादू म्हणाला, आणि लाडू मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला.